मराठीत तसा शब्दच नाही?

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय पास्काच्या काळात वाचला जातो. तिबिर्याच्या सरोवराकाठी पुनरुत्थित प्रभू पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, हा तो प्रसंग. ह्या उताऱ्यावरची प्रवचने मी आजवर कितीतरी ऐकली आणि त्यांतील बहुतेकांत एक विधान हमखास आले : ग्रीक भाषेत प्रेमाला चार शब्द आहेत, आपल्या मराठीला मात्र एकावरच भागवावे लागते. मंडळी माना डोलावतात. परक्या भाषेची थोरवी आणि स्वतःच्या भाषेची गरिबी ह्या दोन्ही गोष्टी आपण फार चटकन कबूल करतो. मागे एकदा असेच प्रवचन ऐकून परतताना माझ्या पुतणीने वाटेत विचारले, "काका, मग माया म्हणजे काय?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या वेळी धड दिले नाही. पुढे मात्र तो प्रश्न मनात घोळत राहिला. एकट्या मायेचाच प्रश्न नव्हता. ममता, वात्सल्य, स्नेह, जिव्हाळा, लळा, आपुलकी, ओढ, प्रीती, अनुराग हे शब्द एकाच अर्थाची निरनिराळी अंगरखी नव्हेत. लळा लहान मुलाला किंवा पाळलेल्या जनावराला लागतो. नवऱ्याला बायकोचा लळा लागला असे म्हटले तर ऐकणारा हसेल. वात्सल्य वरून खाली वाहते, खालून वर नाही. माया आजीची असते, आणि तीच माया वेदान्ताच्या दाराशी गेली की भ्रम होते. पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' असे लिहीत आलो, आणि तोच लोभ धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सात प्रमुख पापांच्या यादीत जाऊन बसला आहे! एवढी सामग्री घरात असताना आपण दारिद्र्याचा दाखला का मागत फिरावे?

आता ग्रीकची बाजूही नीट पाहू. चार शब्दांपैकी 'एरोस' नव्या करारात एकदाही येत नाही. 'स्तोर्गे' स्वतंत्रपणे येत नाही, तो दोन-तीन ठिकाणी जोडशब्दांतून डोकावतो. म्हणजे प्रत्यक्ष वापरात दोनच कुळे उरतात, 'अगापे'चे आणि 'फिलिया'चे. पहिले दैवी आणि दुसरे केवळ मैत्रीचे, ही प्रवचनांतील काटेकोर वाटणी मूळ ग्रंथालाच मान्य आहे का? पिता पुत्रावर प्रेम करतो हे योहान तिसऱ्या अध्यायात एका क्रियापदाने सांगतो, आणि पाचव्या अध्यायात तेच दुसऱ्या क्रियापदाने सांगतो. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर अम्नोनाला तामारविषयी वाटलेल्या वासनेलाही 'अगापे'च्याच कुळातला शब्द योजला आहे. तेव्हा शब्दांच्या संख्येवरून अर्थाची खोली ठरवणे धोक्याचे आहे. पेत्राच्या त्या संवादात दोन क्रियापदे आलटून पालटून आली आहेत हे खरे. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरानेही दोन निराळी क्रियापदे वापरून तो भेद राखला. परंतु तो भेद अर्थाचा की निव्वळ शैलीचा, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठी भाषांतरकाराला भेद राखायचाच असेल तर प्रीती आणि प्रेम हे दोन शब्द त्याच्या हाताशी आहेत. अडचण शब्दांच्या अभावाची नाहीच मुळी.

भाषांच्या श्रीमंतीची मोजदाद करण्याचा हा छंद जुना आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा एस्किमो लोकांच्या बर्फाची. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआझ ह्यांनी १९११ साली अमेरिकेतील आदिवासी भाषांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार शब्दांचा दाखला दिला होता : जमिनीवरचे हिम, पडणारे हिम, वाऱ्याने वाहणारे हिम आणि त्याचा साठलेला ढिगारा. पुढे ही संख्या लेखालेखांतून फुगत गेली आणि वर्तमानपत्रांत ती शेकड्यांत पोचली. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन ह्या विदुषीने ह्या फुगवट्याचा माग काढला, आणि जेफ्री पुलम ह्यांनी तर त्याची यथेच्छ टवाळी केली. मुळात त्या भाषांत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय लागून वाक्याएवढे शब्द तयार होतात. मग शब्द मोजायचा कसा? आपल्याकडे 'घरातल्यांनासुद्धा' हा एक शब्द धरायचा की चार?

तरीही टवाळीने सगळे संपले असे नाही. २०२५ साली काही संशोधकांनी सहाशेहून अधिक भाषांचे द्विभाषी कोश संगणकाच्या साहाय्याने चाळले आणि कोणत्या भाषेत कोणत्या विषयाला किती जागा दिली गेली आहे ते तपासले. एस्किमो-इन्युइट भाषांत हिमाला खरोखरच मोठी जागा निघाली. म्हणजे दंतकथेच्या मुळाशी काही सत्य होते. पण ह्या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. कोश म्हणजे भाषा नव्हे. कोशकाराने कोणाला विचारले आणि त्याला स्वतःला कशात रस होता, ह्याचीच छाया कोशावर पडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो कितीतरी वाढला. तो चाळताना आवाजांचे, चालींचे आणि स्वभावांचे असंख्य बारकावे सापडतात. ते त्या मंडळींनी कान देऊन टिपले म्हणून. समजा, त्याच कामाला एखादी वसईची बागायतदारीण बसली असती तर माड, पोय, झावळी, हीर, सोडण, काथ्या, करवंटी, शहाळे, अडसर, गोटा ह्यांनी पानेच्या पाने भरली असती. इंग्रजी माणूस ह्यातील निम्म्या गोष्टींना 'नारळाचा अमुक भाग' म्हणून मोकळा होतो. आणि मराठीच बोलणारा, परंतु माणदेशात वाढलेला धनगर? त्यालाही अडसर म्हणजे काय ते सांगावे लागेल. उलट त्याच्या मेंढरांच्या वयाचे, रंगाचे आणि शिंगांचे शब्द आपल्याला कळणार नाहीत. 'मराठीची शब्दसंपत्ती' असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणा एकाच्या घरात नसते, हे विसरतो.

बायबलचे भाषांतर ही ह्या सगळ्याची खरी कसोटी, कारण तेथे एका प्रदेशाचे जग दुसऱ्या प्रदेशाच्या शब्दांत उतरवायचे असते. योएल संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात टोळधाडीचे वर्णन आहे. तेथे हिब्रू एकामागून एक चार निरनिराळे शब्द योजते. ह्या चार जाती होत्या, की एकाच किड्याच्या वाढीच्या चार अवस्था, ह्याचा निर्णय आजही झालेला नाही. मराठीकडे टोळ आहे; बाकी तीन ठिकाणी भाषांतरकाराने काहीतरी जुळवाजुळव करायची. ईयोबाच्या चौथ्या अध्यायात दोन ओळींत सिंहासाठी पाच शब्द आहेत. तेथे मात्र मराठीचा 'छावा' धावून येतो, आणि तो मूळच्या शब्दांइतकाच रुबाबदार आहे.

पावसाचा दाखला ह्याहून बोलका आहे. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. शरदात पहिला पाऊस जमीन नांगरण्याजोगी करतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास येणारा शेवटचा पाऊस दाणा भरून देतो. हिब्रूत ह्या दोहोंना स्वतंत्र, एकेरी शब्द आहेत. मराठी बायबलात त्यांच्यासाठी 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' पाऊस हे शब्द रूढ झाले. निवड सुरेख आहे, ह्यात शंका नाही. संस्कृतातून 'पूर्ववृष्टी' आणि 'उत्तरवृष्टी' असे काही घडवण्याचा मोह ज्याने टाळला, त्याला शेतकऱ्याच्या घरचा कान होता. पण शब्द आपल्याबरोबर आपला मुलूख घेऊन येतो. आमचा वळीव शेते रिकामी असताना येतो, आंब्याचे नुकसान करतो, वाळत घातलेल्या मासळीवर पाणी फिरवतो. त्याची वाट कोणी धीराने पाहत नाही. याकोबाच्या पत्रात शेतकरी ह्या दोन्ही पावसांची धीराने वाट पाहतो, असा दृष्टान्त आहे. आमच्या बाजूच्या वाचकाच्या मनात तेथे क्षणभर गोंधळ होतो, आणि तो गोंधळ मराठीच्या गरिबीतून उद्भवलेला नसून तिच्या समृद्धीतून उद्भवलेला आहे. पावसाचे इतके बारीक शब्द नसते तर हा गोंधळही नसता.

श्रीमंतीची ही दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. हिब्रूत वारा, श्वास आणि आत्मा ह्या तिन्हींना एकच शब्द आहे, 'रूआह'. ग्रीकमध्ये 'प्नेउमा' तेच काम करतो. निकदेमाशी बोलताना येशू वाऱ्याविषयी सांगतो आणि त्याच श्वासात आत्म्याविषयी बोलतो. ऐकणाऱ्याला ती उपमा वाटतच नाही, कारण शब्द एकच आहे. यहेज्केलच्या वाळलेल्या हाडांच्या दर्शनात तर तो एक शब्द तीनही अर्थांनी फिरत राहतो. मराठीत आल्यावर वारा एकीकडे, श्वास दुसरीकडे आणि आत्मा तिसरीकडे जातो. आपल्याजवळ तीन शब्द आहेत, म्हणून आपल्या हातून ते एकत्व निसटते. 'प्राण' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण श्वास आणि जीवन दोन्ही त्याच्या पोटात आहेत. पण 'पवित्र प्राण' असे लिहिले तर प्रार्थनेला बसलेला माणूस बावचळेल. येथे हार पत्करून तळटीप द्यावी, हे उत्तम.

आता एक ठिकाण असे सांगतो की जेथे मराठी मुळाच्याही जवळ जाते, आणि आपण मात्र सुशिक्षितपणाच्या भरात ते दवडतो. चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला पाहिले, उधळ्या पुत्राला बापाने दुरून पाहिले, नाईनच्या विधवेला प्रभूने पाहिले. ह्या तिन्ही ठिकाणी संत लूक एकच क्रियापद वापरतो. त्याच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ आतडी असा आहे. हिब्रूतील करुणेचा एक शब्दही 'गर्भाशय' ह्या शब्दाच्या कुळातला आहे. इंग्रजीत हे सगळे 'कम्पॅशन' ह्या गुळगुळीत शब्दात बुडाले. मराठीत आतडे तुटते, आतडे पिळवटते, पोटात कालवते. आणि 'आतड्याचा माणूस' ह्या शब्दांत नाते आणि करुणा दोन्ही येतात. अशी भाषा हाताशी असताना 'त्याच्या अंतःकरणात अनुकंपा उत्पन्न झाली' असे लिहिणारा लेखक आपल्या आजीपेक्षा ग्रीकपासून अधिक दूर असतो. 'कळवळा' हा शब्द निवडणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. त्यात निदान पोटातली कळ शिल्लक आहे.

नात्यांच्या शब्दांत मराठीची श्रीमंती निर्विवाद आहे. काका, मामा, मावसा. आत्या, मावशी, काकू, मामी. दीर, मेहुणा, साडू. नणंद, जाऊ, भावजय. इंग्रजीचा 'अंकल' ह्यातील किती जणांना एकाच खुर्चीत कोंबतो! आमच्या गावांतही आता शेजारी, डॉक्टर आणि बसचा वाहक सगळेच अंकल झाले आहेत, आणि सख्ख्या मामालाही अंकल म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. ह्याबद्दल गळे काढणे मला आवडत नाही. मुले ऐकतात तेच बोलतात. पण त्यांच्यापुरता मामा आणि काका ह्यांतला भेद, आणि त्याबरोबर आईचे घर व बापाचे घर ह्यांतला भेद पुसट होतो, एवढे नोंदवून पुढे जातो.

ही श्रीमंतीसुद्धा भाषांतरकाराला अडवते. देवदूत मरियेला सांगतो की तुझ्या नात्यातली एलिझाबेथ गरोदर आहे. लूकचा ग्रीक शब्द एवढेच म्हणतो : नातलग स्त्री. १६११ च्या इंग्रजी बायबलाने तिला 'कझिन' केले आणि इंग्रजी वाचकाचे समाधान झाले. मराठी कानाला मात्र 'नातेवाईक' हा शब्द परका, कचेरीतला वाटतो. कोणती नातेवाईक? आईकडची की बापाकडची? म्हणून नाताळातील नाटुकल्यांत कोणी एलिझाबेथला मावशी करतो, कोणी थोरली बहीण. ग्रंथ जे सांगत नाही ते आमची भाषा आम्हांला विचारायला लावते. भाषावैज्ञानिक रोमान याकोब्सन ह्यांनी १९५९ साली भाषांतरावरील निबंधात हेच मर्म सांगितले होते. त्यांचा आशय असा की, भाषांतील भेद त्या काय सांगू शकतात ह्यात नसतो. काय सांगितल्यावाचून त्यांना पुढे जाताच येत नाही, ह्यात असतो. सांगता तर सगळ्याच भाषांत सगळे येते, एका शब्दात नाही तर चार शब्दांत.

'प्रभूचे भाऊ' ह्या शब्दप्रयोगाविषयी आपल्या वाचकांना उत्सुकता असणार. संत जेरोमने इसवी सन ३८३ च्या सुमारास हेल्विडियसला उत्तर देताना ह्याच शब्दाचा कीस काढला होता. हिब्रू-अरामीत भावाचा शब्द चुलत व मावस भावंडांनाही सामावून घेतो, हा त्या बाजूचा आधार. मराठी कुटुंबाला ह्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. आपण आतेभावाची ओळख 'हा माझा भाऊ' अशीच करून देतो. तरी समीक्षकाने प्रामाणिक राहावे. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी वेगळा शब्द होता. कलस्सैकरांच्या पत्रात मार्क हा बर्णबाचा कोण, हे सांगताना पौलाने तो वापरलाही आहे. शब्दकोशाच्या बळावर श्रद्धेचा प्रश्न निकालात काढता येत नाही, दोन्हीकडून. त्यासाठी परंपरा आहे, आणि तिची भाषा वेगळी असते.

मराठीच्या श्रीमंतीविषयी बोलताना फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना टाळून चालत नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, चाळीस वर्षे तेथेच राबला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, तशी भाषांत मराठी, हे त्याचे कौतुक आपण शाळेपासून मिरवतो. मला मात्र त्या कौतुकापेक्षा त्याची शब्दनिवड अधिक महत्त्वाची वाटते. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द घेतला. पुढे तो मागे पडला आणि 'स्वर्ग' स्थिरावला, बहुधा वैकुंठात विष्णू आहे म्हणून. पण स्वर्गात इंद्र नाही का? शिवाय भारतीय कल्पनेप्रमाणे स्वर्गातील मुक्काम पुण्य असेपर्यंतच; पुण्य सरले की माघारी यायचे. वैकुंठातून परत येणे नाही. सार्वकालिक जीवनाच्या ख्रिस्ती कल्पनेला दोहोंत जवळचा शब्द कोणता, ह्याचा निर्णय स्टीफन्सने अधिक विचारपूर्वक केला होता असे मला वाटते. मराठीत ह्या क्षेत्रात शब्द उदंड होते आणि प्रत्येक शब्दात आधीपासून कोणीतरी राहत होते; पाद्रीबाबांची अडचण ही होती. कित्येक ठिकाणी आपल्या पूर्वजांनी परका शब्दच घरात घेतला. क्रूस, पाद्री, नाताळ आज आपल्याला परके वाटत नाहीत, जसे पाव, पगार आणि चावी वाटत नाहीत.

आता ज्या एका ओळीसाठी हा सारा खटाटोप केला, तिच्याकडे येतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ उठते, लाटा होडीत शिरतात, आणि येशू नाळेऐवजी मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. शिष्य त्याला जागे करून विचारतात की बुडण्याची वेळ आली तरी तुम्हांला काहीच वाटत नाही का. बुडते आहे कोण? ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांत भेद नाही. लॅटिनमध्ये, इंग्रजीत, पोर्तुगीजमध्येही नाही. मराठीत आहे, आणि मराठी भाषांतरकाराला तो टाळता येत नाही. 'आम्ही बुडतो आहोत' असे लिहिले तर शिष्यांच्या मते येशूला काही होणार नाही. तो सुरक्षित आहे आणि बेफिकीर आहे, अशी तक्रार होते. 'आपण बुडत आहोत' असे लिहिले तर तोही त्याच होडीत, त्याच पाण्याखाली जाणार असे ते समजतात. त्याला ते अजून ओळखतच नाहीत. एका सर्वनामावर त्यांची श्रद्धा किती, हे ठरते. मार्कने ते ठरवले नाही. आपल्याला ठरवावेच लागते.

मत्तयाच्या निवेदनात शिष्य आधी 'प्रभू, वाचवा' म्हणतात. ज्याच्याकडे वाचवण्याची याचना करायची त्याला बुडणाऱ्यांत धरता येत नाही, तेथे 'आम्ही' योग्यच. मार्कमध्ये मात्र वाचवा असे कोणी म्हणत नाही, हाक मारतात तीही 'गुरुजी' अशी. आणि वादळ शमल्यावर वारा व समुद्र ज्याचे ऐकतात असा हा आहे तरी कोण, असे ते एकमेकांना भीत भीत विचारतात. आधीच ओळखले असते तर हा प्रश्न उरला नसता. उधाणाच्या पाण्यात होडी सापडलेल्या आमच्या कोळी बांधवांनाही मी हे विचारून पाहिले. त्यातला वयाने वडील माणूस म्हणाला, होडीत बसला तो आपल्यातलाच, त्याला वेगळा कसा काढणार? मार्कच्या त्या ओळीत मी 'आपण' लिहीन.